प्रकार : लाल

माझा थोरला भाऊ छापखान्यात वायरमन. वीस वर्षे पॅनलच्या खोलीत काढल्यामुळे सगळे त्याला ‘फ्यूजदादा’ म्हणत. खोलीच्या दाराशी आग विझवण्याचा लाल सिलिंडर टांगलेला होता, पाण्याचा. कागदाच्या गोदामाला तो ठीक. विजेच्या आगीवर पाणी मारणारा स्वतःच चिकटायचा, तिथे कार्बन डायऑक्साइडचाच हवा, हे दादा ज्याला त्याला सांगे. ऐकणारे मान डोलावत. पालथ्या घड्यावर पाणी.

अखेर अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. घरात शिकलेला मी.

“गॅसचा सिलिंडर हवा, एवढंच लिही.”

“तसं लिहिलं तर स्वयंपाकाचा पाठवतील, दादा. ‘योग्य प्रकारचे अग्निशामक’ लिहितो. भारदस्त वाटतं.”

“बरं बाबा, तू पंडित!”

खरेदी विभागाच्या कारकुनाने ‘प्रकार’ या रकान्यात लिहिले, ‘लाल’. महिन्याभरात दोन नवे कोरे सिलिंडर आले. दोन्ही पाण्याचे.

“एकटा होता बिचारा, आता भावंडं आली,” दादा हसला. “पुन्हा लिही.”

लगोलग दुसरा अर्ज बरा दिसत नाही, असे मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी पॅनल पेटले. यंत्रचालकाने सिलिंडर उचलून नळी पॅनलकडे रोखली. “मरशील, गाढवा!” म्हणत दादाने तो हिसकावला आणि धुरात शिरून मुख्य स्विच पाडला. यंत्रचालक वाचला. दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीचा अहवाल आला : ‘तीन अग्निशामके हाताशी असूनही कर्मचाऱ्याने एकही वापरले नाही, उलट इतरांस वापरू दिले नाही.’ दादा निलंबित.

त्याविरुद्धचा अर्ज मी एका ओळीत लिहिला. ‘पॅनलला गॅसचा सिलिंडर हवा होता.’ आम्ही दोघे तो घेऊन गेलो. खिडकीत कारकून तोच.

“खाली सही नाही.”

“हात भाजलेत त्याचे,” मी म्हणालो.

“मग अंगठा चालेल.”

दादाने पट्ट्यांत गुंडाळलेले दोन्ही हात खिडकीवर ठेवले. “कोणता देऊ, साहेब? प्रकार सांगा.”

कारकुनाने ‘अपूर्ण’ असा शेरा मारून कागद परत सरकवला. तो मी उचलला. दादाला उचलता येत नव्हता.