कशाभिका दिसेपर्यंत

पनागरजवळच्या शिंगाड्याच्या तळ्यातलं हिरवं पाणी मी बरणीत भरून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात युग्लिना या एकपेशीय जीवाचं प्रात्यक्षिक होतं. मी प्राणिशास्त्र शिकवते. संध्याकाळी सासूबाईंनी ती बरणी मोरीत रिकामी केली आणि घासून पालथी घातली.

"सडलं होतं ते पाणी," त्या म्हणाल्या.

"आई, त्यात जीव होते."

"कुठं होते? मले तर नाही दिसले."

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि आता आपल्याला सगळं दिसतं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. थोडं पाणी मी परीक्षानळीत वेगळं काढलं होतं, म्हणून वर्गापुरतं निभावणार होतं. त्यातलाच एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर मांडला.

त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"सूत कातायची हिरवी चातीच आहे. अन् स्वतःभोवती फिरत फिरत पुढं जाऊन राहिली. हा लाल ठिपका डोळा काय?"

"डोळाच म्हणा. उजेड कुठं आहे, तेवढंच कळतं."

"ऑपरेशनच्या आधी माझंही तेवढंच होतं."

एक युग्लिना शेवाळाच्या धाग्यांत अडकली होती. तिचं अंग आधी पुढं फुगलं, मग मध्ये, मग मागं, आणि ती निसटली. "अच्छा, अशी निघाली," सासूबाई म्हणाल्या. "पण पोहते कशानं?"

"पुढच्या टोकाला कशाभिका असते, चाबकासारखा धागा. केसाहून कितीतरी बारीक. आयोडिनचा थेंब टाकला की नीट दिसते."

"मग टाक ना."

"टाकला की ती मरते."

त्यांनी भिंगावरून डोळा बाजूला घेतला. "राहू दे मग."

कमी उजेडात ती कधीकधी जिवंतपणीही दिसते, म्हणून मी उजेड कमी केला. आम्ही आळीपाळीने बघत बसलो. स्वयंपाक राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "हललं काहीतरी तोंडाशी!" मी पाहिलं तर मला काहीच दिसलं नाही, पण मला चष्मा आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात आयोडिनची बाटली उघडताना माझा हात जरा थांबला. मग उघडली. परीक्षेत आकृतीत कशाभिका काढावीच लागते.

घरी आले तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

"टाकला काय थेंब?"

"टाकला."

दोनतीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "केवढी होती?"

"जवळजवळ अंगाएवढी लांब."

"मले तेवढीच वाटली होती," त्या म्हणाल्या आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.