हद्दीपलीकडे नेलेला मुलगा

ब्रेकबाईंकडे गाडी शिकलेल्या माणसाला साक्षात यम आडवा आला तरी तो आधी आरशात बघेल, असं लोक गमतीनं म्हणायचे. बाई स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा आणि तो दाबताना तोंडाचा पट्टाही सुटायचा. बाई तापट, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. नवरा त्यांच्या अगदी उलट. घड्याळं दुरुस्त करायचा आणि घड्याळाइतकंच बोलायचा.

एकुलता एक मुलगा कुणावर गेला होता देव जाणे. त्याला सगळे नकल्या म्हणायचे. सकाळी आईच्या ऑफिसात पावत्या फाडायचा आणि संध्याकाळी कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या निरोप समारंभाला नकला करायचा. अशाच एका समारंभात त्यानं शेजारच्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांची नक्कल केली. ते भाषणात मध्येच थांबून टाळ्यांची वाट बघतात, तेवढंच. लोक पोट धरून हसले, कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि आठवड्याभरात ते दोन्ही राज्यांत फिरलं.

मग एका सकाळी ऑफिससमोर दोन गाड्या येऊन थांबल्या. साध्या कपड्यातली माणसं उतरली, नकल्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि गाडीत कोंबलं. बाई तेव्हा एका नव्या विद्यार्थिनीला गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. त्या धावत गेल्या. कोण तुम्ही, कागद दाखवा, कुठं नेताय, असं विचारत राहिल्या. एकानं नुसतं कोपरानं त्यांना बाजूला केलं. गाड्यांच्या नंबरपाट्या शेजारच्या राज्याच्या होत्या.

बाई तडक चौकीत गेल्या. तिथले इन्स्पेक्टर ओळखीचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले की ते दुसऱ्या राज्याचे पोलीस, त्यांच्या कामात आपला हात चालत नाही. मग बाईंच्या लक्षात आलं की साहेबांना धक्का असा बसलेलाच नाही. यांना आधीच माहीत होतं.

"म्हणजे तुमच्या हद्दीतून माणूस उचलणार हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही इथं बसून राहिलात?"

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

बाईंनी ओळखीच्या एका वकिलीणबाईंना फोन केला. ही मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी, परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा लायसन मिळवलेली. तिनं सांगितलं, दुसऱ्या राज्याचे पोलीस अटक करू शकतात, पण कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि हद्दीपलीकडे नेण्याआधी इथल्याच न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. माणूस परमुलखात गडप होऊ नये म्हणून तर हा नियम. बाई म्हणाल्या, "तो नियम त्यांना सांगू. बस गाडीत."

दोघी शिकाऊ गाडी घेऊन निघाल्या. घाटात ट्रकवाले हॉर्न मारत होते, गाडीच्या टपावरची शिकाऊ पाटी बघून हसत होते. एरवी बाईंनी एकेकाची हजेरी घेतली असती. त्या दिवशी ओठ आवळून त्या नुसत्या गिअर बदलत राहिल्या.

मुख्यमंत्र्यांचं प्रकरण म्हणजे राजधानीतच नेलं असणार, या हिशोबानं दुपारी त्या पलीकडच्या राजधानीतल्या मुख्य पोलीस ठाण्यात पोचल्या. असा कुणी मुलगा इथं आणलेलाच नाही, असं सांगण्यात आलं. आवारात सकाळच्याच दोन गाड्या उभ्या होत्या. बाई बाहेर आल्या आणि आपली गाडी फाटकात आडवी लावली. हवालदार आला, काढा म्हणाला. बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली.

"मुलगा दाखवा, गाडी निघेल."

आत ठाण्याच्या साहेबांची बाहेर पडायची घाई, फाटकापाशी बघ्यांची गर्दी. तासाभरानं मुलगा दाखवला. शर्टाची बटणं तुटलेली, गालावर वळ. आई दिसताच त्यानं वळांवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या न्यायालयात पोलिसांनी सांगितलं की आरोपीला आमच्याच शहरात, बसस्थानकावर पकडलं. धडधडीत खोटं, तेही शपथेवर. बाई ताडकन उठल्या. वकिलीणबाईंनी हात धरून त्यांना खाली बसवलं. शिकाऊ गाडीत विद्यार्थ्यांच्या चुका दाखवायला कॅमेरा बसवलेला होता आणि गाडी मागे घेताना त्यानं सगळं टिपलं होतं. न्यायाधीशांनी ते पाहिलं, पोलिसांना चार शब्द सुनावले आणि मुलाला सोडलं. पुढे मुख्यमंत्र्यांच्या बदनामीचा म्हणून लावलेला गुन्हाही रद्द झाला.

सगळे म्हणाले, झालं, देव पावला. नवराही म्हणाला, आता मिटवू या. बाईंना मात्र ते कोपर विसरता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या राज्याच्या उच्च न्यायालयात दोन्ही सरकारांविरुद्ध अर्ज केला. इथल्या सरकारचा वकील म्हणाला, पोलीस आमचे नव्हते. तिथल्या सरकारचा म्हणाला, घटना आमच्या हद्दीतली नाही, या न्यायालयाला आम्हाला विचारायचा अधिकारच नाही. बाहेरच्या व्हरांड्यात बाईंनी त्या दोघांना गाठलं.

"माझ्या पोराला उचलताना हद्द आडवी आली नाही. जबाब द्यायची वेळ आली तेव्हाच बरी आठवली."

न्यायालयानं निकालात जवळजवळ तेच म्हटलं, जरा सभ्य भाषेत. नागरिकाचा हक्क राज्याच्या सीमेवर संपत नाही. नेणारे आणि डोळे मिटून बसणारे, दोघांचीही चौकशी व्हावी. वर्तमानपत्रांनी बाईंचा फोटो छापला. चौकशी सुरू व्हायच्या आतच पलीकडच्या त्या साहेबांना बढती मिळाली.

मग एक दिवस चौकीतले इन्स्पेक्टर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले. टोपी काढून बसले. माझी निवृत्ती जवळ आली आहे, तक्रारीतून तेवढं माझं नाव काढा, म्हणाले. वर म्हणाले, मुलगा सुखरूप आला ना घरी?

बाईंनी नकल्याला हाक मारली. तो पावत्यांच्या टेबलामागून उठून आला आणि साहेबांना बघताच भिंतीला टेकला.

"याच्या अंगात गल्लीतली सगळी माणसं होती," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "परत आल्यापासून यानं एकाचीही नक्कल केलेली नाही. घरात बोलतो तोही खिडकी लावून. याला सुखरूप म्हणतात का, साहेब?"

साहेब उठले. बाईंनी नाव काढलं नाही.

चौकशी अजून चालू आहे. कधी अधिकारी रजेवर असतो, कधी कागद दुसऱ्या राज्यातून आलेले नसतात. बाई प्रत्येक तारखेला जातात, पहिल्या रांगेत बसतात आणि पुढची तारीख कारणासकट लेखी द्या म्हणून अडून राहतात. तिथला कारकून त्यांना पाहून कपाळाला हात लावतो. लावू दे, बाई म्हणतात.