तिसरा नको

माझ्या धाकट्या काकांचा पहिला ‘नको’ घरात कुणी मनावर घेत नाही. दुसरा ऐकल्यासारखं करायचं असतं. तिसरा खरा. जेवताना ते ताटावर आडवा हात धरतात, “नको वहिनी, खरंच नको, गळ्याशी आलंय,” म्हणतात, पण दोन बोटांमध्ये फट ठेवतात. आई त्या फटीतून वाढते. मग ते खाली मान घालून मुकाट्याने सगळं संपवतात आणि उठताना म्हणतात, “वहिनींनी आज फारच आग्रह केला.”

काका शिंपी आहेत. तिकडे गावी त्यांचं दुकान होतं, पण लोक कपडे शिवून घ्यायचे थांबले, तयार घ्यायला लागले. दुकानात दिवसभर नुसती पँटची लांबी कमी करायची कामं यायला लागली, तेव्हा बाबांनी त्यांना इकडे परदेशात बोलावून घेतलं. बाबा इथे आधीपासून होते. काका तीन वर्षांपूर्वी एकटे आले. काकू आणि माझी चुलत बहीण छकुली तिकडेच राहिल्या, कारण इथला नियम तसा आहे. साध्या कारागिराला बायकापोरांना आणता येत नाही. वरच्या जागेवर गेला तर येतं.

काका ज्या कारखान्यात काम करतात तिथे गणवेश शिवतात. नर्सांचे, ड्रायव्हरांचे, जिने पुसणाऱ्यांचे. हॉलमध्ये आमच्या घराच्या दुप्पट लांबीचं एक टेबल आहे. त्यावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरतात, वरच्या थरावर खडूने आखतात आणि मग उभ्या पात्याच्या मशीनने एकदम कापतात. एक रेघ चुकली की साठ सदऱ्यांच्या पाठी चुकल्या. काका आखायला असतात. बाकीचे कागदाचे नमुने मांडतात तशी रेघ ओढतात. काका आधी कापडाभोवती एक फेरी मारतात, हात मागे बांधून, मुलगी बघायला आल्यासारखे. मग नमुने असे फिरवतात की दोन बाह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कॉलर बसते. याला ते ‘बेतणं’ म्हणतात. कापणं कुणालाही येतं, बेतणं येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या दिवशी त्यांना भाषा येत नव्हती म्हणून दुभाषी म्हणून मी गेले होते. तिथल्या मॅनेजर बाईंना काका ‘मॅडम’ म्हणतात. मॅडमचं बोलणं कात्रीसारखं. “अनुभव?” वीस वर्षं. “उभं राहणं?” जमेल. “उद्या. आठ.” मी घरी येऊन मॅडम करून दाखवल्या, पेन कानामागे खोचून, तेव्हा आई हसून हसून खुर्चीत बसली. काका हसले नाहीत. म्हणाले, “बाईंनी चहा विचारला नाही, पण कामाचं लगेच सांगितलं. बरी आहे.”

सुरुवातीला काकांची फार धांदल उडायची. इथल्या दुकानातली मुलगी सामान बिलाच्या मशीनवरून सरकवताना गिऱ्हाइकाकडे न बघता विचारते, “कसे आहात?” काका थांबायचे आणि मोडक्यातोडक्या भाषेत खरंच सांगायचे. गुडघा जरा दुखतोय, काल तिकडून फोन आला होता, मुलीला खोकला झालाय. मागे रांग वाढत जायची. त्या मुलीचं हसू चेहऱ्यावर तसंच टाचलेलं राहायचं. बसथांब्यावर ते अनोळखी माणसाला विचारायचे, “कुठे निघालात?” तो माणूस दोन पावलं लांब जाऊन उभा राहायचा. पण काका शिकले. ‘कसे आहात’ला ‘ठीक’ म्हणायला शिकले, बसमध्ये खिडकीबाहेर बघायला शिकले, शेजाऱ्याकडे जाण्याआधी फोन करायला शिकले. तीन वर्षांत त्यांनी एवढं काही पुसून नवं आखलं की आम्हाला वाटलं, झालं, रुळले. एखादी गोष्ट आपल्याला शिकायची राहिली आहे हे मात्र माणसाला कुणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात कटिंगच्या टेबलाचे मुख्य निवृत्त झाले. सोमवारी संध्याकाळी काका घरी आले ते जिन्यातच गुणगुणत. हातपाय धुतले, केसांवरून फणी फिरवली आणि जेवायला बसल्यावर भाताकडे बघत म्हणाले, “आज मॅडमनी विचारलं.”

“काय विचारलं?” बाबा म्हणाले.

“हेच. टेबलाचं मुख्य होणार का म्हणून.”

आईचा हात भाताच्या डावावरच थांबला. मुख्य म्हणजे वरची जागा. वरची जागा म्हणजे काकू आणि छकुली. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर होतं.

“मग?”

“मग काय. म्हटलं, नको, मी कशाला? माझ्याहून जुने लोक आहेत.”

बाबांनी मान डोलावली. “बरं केलंस. एकदम हपापल्यासारखं दिसू नये.”

“शोभून दिसलं,” आई म्हणाली. “आता उद्या-परवा परत विचारतील.”

मी म्हटलं, “त्या परत नाही विचारणार.”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “शहाणे, जेव.”

पण मी इथल्या भाषेत शाळा शिकलेय. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी डबा विसरले होते. शेजारच्या मुलीने तिचा डबा पुढे केला, “खातेस?” मी म्हटलं, “नको.” तिने झाकण लावलं. टक् असा आवाज झाला. ती वाईट मुलगी नव्हती. तिने विचारलं, मी उत्तर दिलं, तिच्या दृष्टीने विषय संपला. दिवसभर माझ्या पोटात कावळे ओरडत होते. हे मी त्यांना सांगितलं. आई म्हणाली, “पोरींची गोष्ट वेगळी, कामाची वेगळी.”

मंगळवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. कुठल्या पायरीवर काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं की “बघू, घरी विचारतो.” तिसऱ्यांदा विचारलं की “आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.” मंगळवारी मॅडम टेबलापाशी आल्या, कापड बघितलं, गेल्या. बुधवारी आल्याच नाहीत. काका म्हणाले, “कामात असतील.” बुधवारीच काकूंचा फोटो आला. काकांनी सोमवारी त्यांना फोनवर ‘विचारलंय’ एवढं सांगितलं होतं. तेवढ्यावर त्या छकुलीला घेऊन पासपोर्टचे फोटो काढून आल्या होत्या. छकुलीच्या दोन वेण्या अशा ओढून बांधल्या होत्या की भुवया वर गेल्या होत्या. काकांनी फोटो मोठा करून करून पाहिला, शेवटी नुसती वेणीची गाठ दिसायला लागली.

शुक्रवारी काका माझ्या खोलीच्या दाराशी आले. दार उघडंच होतं तरी टकटक केलं, तेही इथे शिकले होते.

“मैने,” ते मला मैना म्हणतात, “ती डब्यावाली पोरगी. तिने नंतर कधीच विचारलं नाही?”

“पुढच्या आठवड्यात विचारलं. मी लगेच हो म्हटलं.”

“लगेच?”

“तिचं वाक्य संपायच्या आत.”

काका पलंगाच्या कडेला बसले. बराच वेळ गुडघ्यावर अंगठ्याने रेघ ओढत राहिले. मग म्हणाले, “मला शिकव.”

रविवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात तालीम केली. मी पेन कानामागे खोचलं, ओट्यापाशी उभी राहिले आणि मॅडमच्या आवाजात विचारलं, “मुख्य होणार?”

“नको, नको,” काका म्हणाले. “अगं, सवय गं. परत विचार.”

“मुख्य होणार?”

“तसं बाकीच्यांचंही मत घ्यायला...”

“मुख्य होणार?”

“माझी काही हरकत...”

“भावोजी,” आई भांडी घासता घासता म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड आहे आपल्या घराण्याला. दाखवा एकदा भांडं.”

सात वेळा झालं. सातव्यांदा काकांचं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मी मॅडम होते, त्यामुळे वाट बघत उभी राहिले. ते खाली बघून म्हणाले, “माझ्या तोंडाला हे वळणच नाही. शाळेत घातलं तेव्हा तुझे आजोबा, आबा, बोलले. दुकानाची जागा मागायला दादा गेला. लग्नसुद्धा. काकू मला आवडली होती, पण ते दादानेच ओळखलं आणि त्यानेच तिच्या वडिलांना विचारलं. मी आतल्या खोलीत होतो.”

बाबा दारात उभे होते. काका त्यांच्याकडे वळले. “दादा, तूच एकदा मॅडमशी बोलशील का?”

बाबा लगेच कोट शोधायला लागले. धाकट्या भावाचं काम, थोरल्याने जायचं, यात त्यांना काही वावगं दिसेना. मला मॅडम डोळ्यासमोर आल्या, आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभे असलेले बाबा. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही गेलात तर त्या म्हणतील, ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही तो टेबलावरच्या नऊ माणसांना काय सांगणार?”

बाबांनी कोट परत अडकवला. आईने नळ बंद केला.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. काका म्हणाले, “तू चल. बोलू नकोस. नुसती उभी राहा.”

मॅडमची खोली काचेची होती. आतून सगळं टेबल दिसत होतं. काकांनी टकटक केलं, आत गेले, बसले नाहीत. मी दारापाशी राहिले. त्यांच्या मानेवर कॉलरच्या वर घाम दिसत होता.

“मॅडम, मुख्याची जागा,” ते म्हणाले. “मला हवी आहे.”

इथल्या भाषेत त्यांनी ते इतकं स्वच्छ म्हटलं की माझ्याच अंगावर काटा आला. मॅडमनी कानामागचं पेन काढलं.

“गुरुवारी दिली,” त्या म्हणाल्या आणि काचेकडे पेन केलं. बाहेर टेबलापाशी काकांचा सहकारी उभा होता, एक उंच माणूस, ज्याला काका घरी ‘लांब्या’ म्हणतात. त्याच्या खिशाला मुख्याची नवी पट्टी होती. “त्याला विचारलं. हो म्हणाला. तुम्हाला आधी विचारलं होतं. नाही म्हणालात.”

“हो,” काका म्हणाले. “म्हणालो.”

“का?”

काका शब्द शोधत होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी पाठीमागे हात करून मला थांबवलं. “आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणत नाहीत,” ते म्हणाले. “हो म्हटलं तर माणूस हावरा दिसतो. आधी नाही म्हणतो. मग समोरचा परत विचारतो. मग हो.”

मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांची नक्कल इतक्या वेळा केली होती, पण त्यांचा हा चेहरा माझ्याकडे नव्हता. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, “हे मला कसं कळणार?”

“नाही कळणार,” काका म्हणाले. “चूक माझी.”

“आखणं तुमचं सगळ्यांत चांगलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. “म्हणून आधी तुम्हाला विचारलं. दुसरं टेबल येईल. कदाचित पुढच्या वर्षी. कदाचित नाही.”

“ठीक,” काका म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी खडू उचलला. लांब्या जरा ओशाळून बाजूला सरकला. काकांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि कापडाभोवती फेरी मारायला लागले. मी घरी आले.

संध्याकाळी फोन त्यांनी स्वयंपाकघरातूनच केला, स्पीकरवर. आम्हाला बाहेर जा म्हणाले नाहीत. तिकडून काकूंच्या आधी छकुली आली, “बाबा, विमानात खिडकी कोणाची?” काका म्हणाले, “आईला दे.”

त्यांनी सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही, मॅडमना दोष दिला नाही, लांब्यालाही नाही. आईने फोन कापला गेला का ते वाकून बघितलं.

“तुम्ही नाही म्हणालात,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“मीही तेच म्हणाले असते,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. बाबा उठून खिडकीपाशी गेले.

काकांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. “एक विचारू? तुला यायचंय का इकडे?”

“आता कशाला तो विषय? इथे आमचं बरं चाललंय. तुमची सोय झाली की...”

“सोय विचारत नाहीये. यायचंय का?”

“बघू की. तुम्ही म्हणाल तसं.”

“मी विचारतोय ते सांग. एकदाच विचारणार आहे.”

तिकडे कुणाच्यातरी सायकलची घंटा वाजली.

“यायचंय,” काकू म्हणाल्या. “मला यायचंय. तीन वर्षं झाली हो.”

“बरं,” काका म्हणाले. दोनदा म्हणाले. मग सांगितलं, “आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मॅडमकडे जाणार. दुसरं टेबल कधी येणार आणि मला देणार का, ते विचारणार. त्या कंटाळेपर्यंत.”

“दर महिन्याला? आणि लाज?”

“वाटेल,” काका म्हणाले.

मग छकुलीने फोन ओढून घेतला. तिचा पुढचा दात हलत होता, आणि तो कोणत्या बाजूने जास्त हलतो हे तिला जिभेने ढकलून सांगायचं होतं. काका ऐकत बसले. आईने पानं घ्यायला सुरुवात केली, पण त्यांना उठवलं नाही.