आबांना विचारून सांगतो

आमच्या घरातले मोठे निर्णय चंदीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या एका काचेच्या खोक्यात व्हायचे. ते एसटीडी बूथ होतं. रविवारी सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, तिथून सिन्नरकडच्या आमच्या गावी सोसायटीच्या कचेरीत फोन लावत. तिकडे त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, आधीच येऊन बसलेले असत. दादा चंदीगडला केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत फिटर होते. त्यांना आयटीआयला घातलं ते आबांनी, स्वतः शेतात राहून. त्यामुळे स्कूटर घ्यायची असो की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, दादांचं उत्तर ठरलेलं असे: "आबांना विचारून सांगतो."

माझं कॉलेजही तिथेच ठरलं. आमच्यात कॉलेजची पायरी आधी कुणी चढलेलं नव्हतं. आबा म्हणाले, "घाला एक वर्ष. मग बघू." पुढच्या वर्षी तेच एक वर्ष पुन्हा वाढवून मिळालं.

राज्यशास्त्र मी का घेतलं, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित त्या शहरामुळे. पंजाब आणि हरियाणा अशा दोन राज्यांची राजधानी चंदीगड, आणि स्वतः दोघांपैकी कुणाचंच नाही. त्याचा कारभार केंद्राकडे. त्या दिवसांत हरियाणात निवडून आलेलं सरकार होतं आणि पंजाबात अशांततेमुळे राज्यपालांची राजवट. दोन्हींचा कारभार जवळजवळ एकाच छपराखाली चाले. बसमधून जाताना सचिवालयाची ती लांबलचक इमारत दिसली की मला वाटे, आत कुठून कुठवर एक राज्य आणि कुठून दुसरं? नाक्यावर जवान बस थांबवून डबे उघडायला लावत. एकदा माझी बाजरीची भाकरी उलटीपालटी करत एकाने विचारलं, "ये क्या चीज़ है जी?" मी घाबरून म्हणाले, "रोटी." तो हसला. हा जवान नेमका कुणाचा, केंद्राचा की राज्याचा, हेही मला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

तिसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी दोन देशांच्या शासनपद्धतींची तुलना लिहून आणायला सांगितली. मी ब्रिटन आणि अमेरिका घेतले. माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की ब्रिटन लहान, म्हणून तिथे सत्ता एकाच ठिकाणी. अमेरिका अवाढव्य, लांबच्या प्रांतांवर लक्ष कोण ठेवणार, म्हणून तिथे ती वाटलेली. मला ते इतकं उघड वाटलं होतं की पुस्तकात बघण्याचीही गरज वाटली नाही.

मॅडमनी वाचलं आणि हिंदीत विचारलं, "बेटा, स्वित्झर्लंड कितना बड़ा है?"

मी माझ्या कागदाकडे बघू लागले, तर मॅडमनीच उत्तर दिलं:

"छोटासा. पण तिथे सत्ता वाटलेली आहे. आणि चीन? अवाढव्य, पण सत्ता एकाच जागी."

मी कागदावरची ती ओळ खोडली.

"अंतर मोजू नकोस," त्या म्हणाल्या. "एवढंच विचार, की खालच्याला जे दिलंय, ते वरच्याला एकट्याच्या मर्जीने परत घेता येतं का? येत असेल तर खालच्याकडे नुसतं काम सोपवलंय. येत नसेल तर तो अधिकार त्याचा स्वतःचा."

शेजारी बसणारी माझी मैत्रीण पंजाबातल्या रोपडजवळच्या खेड्यातून बसने यायची. आबांचं सगळं तिला ठाऊक होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यार, तेरे घर तो पक्का गवर्नरी राज है! हमारे पंजाब की तरह. मुदत वाढवत राहतात, इलेक्शन काही होत नाही."

मी हसले, पण ते मनातून जाईना. आबा दोन दिवसांच्या रेल्वेच्या वाटेवर, म्हणजे इथे आपण बरेचसे आपल्या मनाचे, असंच मी धरून चालले होते. घरी आईला विचारलं, "माझं कॉलेज आबांना एकट्याने ठरवून बंद करता येईल का?"

आई गवार मोडत होती. म्हणाली, "तू हेच शिकतीस का तिथं?" मग जरा थांबून, "येईल की. कोण नाही म्हणणार?"

थंडी सरता सरता शहराजवळ एका बसवर गोळीबार झाला. बातमी रेडिओवरून गावापर्यंत गेली आणि त्या रविवारी दादांनी मला आणि आईलाही बूथवर नेलं. माझ्या मार्गाची बस नव्हती ती, पण आबांना सगळं पंजाब एकच. दादांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, इतका आबांचा आवाज मोठा.

"पोरीला घेऊन या. लगेच. शिकली तेवढं बास झालं."

"आबा, दोन महिन्यांवर परीक्षा आहे तिची."

"परीक्षा जीवापेक्षा मोठी का?"

आबांचं काही चूक नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आम्हालाही वाटत होती. पण आत्ता गेले तर पदवी गेली, आणि एकदा गावी गेलेल्या मुलीला पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं. मी मीटरवरचे लाल आकडे पळताना बघत राहिले.

दादांनी रिसीव्हर तोंडाजवळ ओढला. मग हळू आवाजात म्हणाले, "आबा, पोरीला विचारून सांगतो."



"कुणाला?" आबांनी विचारलं.

दादांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "बोल. काय सांगू?"

आईने कोपराने ढोसलं.

"परीक्षेपर्यंत राहते," मी म्हणाले. "मग ते म्हणतील तसं."

दादांनी पहिलं वाक्य तिकडे सांगितलं. दुसरं सांगितलंच नाही. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, मग "बघा बाबा. पण अंधार पडायच्या आत घरात पाहिजे ती." दादा म्हणाले, "हो, ते सांगतो तिला."

परत येताना मनात एकच चाललं होतं. मला मॅडमना विचारायचं होतं की आज जे मिळालं ते सोपवलेलं काम की माझा अधिकार? लिहिलेलं तर कुठेच नव्हतं. पण ब्रिटनचंही सगळं एका जागी लिहून ठेवलेलं नाही, असं पुस्तकात होतं. तिथे एकदा पडलेली प्रथा मोडणं जड जातं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीची बस पकडली. नाक्यावर या वेळी कुणी सांगायच्या आत डबा स्वतःहून उघडून दाखवला.