केळी शाळेची, चाफा चुलीचा

इनासकाका आमच्या शाळेच्या ऑफिसात आले की आधी पाणी मागत. तहान लागलेली नसे. एक घोट तोंडात घ्यायचा, डोळे अर्धवट मिटायचे, पाणी गालातल्या गालात फिरवायचं आणि मग निकाल द्यायचा. "टाकी धुवून घ्या बाय, शेवाळ धरलंय." किंवा, "हे आज शिपायानं विहिरीवरनं आणलंय वाटतं. गोड हाय." अंदाज दर वेळी बरोबर येई असंही नाही. नळाचं पाणी त्यांनी विहिरीचं म्हणून मिटक्या मारत प्यायलेलं मी पाहिलंय. पहिल्यांदा मला रागच आला होता. फीची रांग दारापर्यंत गेलेली, आणि हा माणूस खिडकीशी उभा राहून पाण्याची चव बघतोय!

वसईत गिरीजच्या बाजूला, बागायती वाड्यांच्या मधोमध असलेल्या एका गावशाळेत मी क्लार्क आहे. मराठी विभागाला फी नाही, इंग्रजी विभागाला आहे, आणि ती घ्यायचं काम माझं. घर विरारला, फ्लॅटमध्ये. माझा पगार बँकेत येतो आणि हप्त्यांच्या वाटेने परस्पर निघून जातो. त्याचं तोंडही मला नीट दिसत नाही. फी घेणाऱ्या बाईला घराघरातलं सगळं कळतं. कोणाचं भांडण झालंय, कोण ऋण काढून सण करतंय, कोणाच्या घरात कोणाच्या शब्दाला किंमत उरलेली नाही. वर्षानुवर्षं ते बघून एक प्रकारचा शीण येतो. रविवारी झोप काढून तो जात नाही.

इनासकाकांच्या नातीची फी मात्र वेळेवर यायची, आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा कायदा होता. वाडीच्या प्रत्येक भागाला त्यांनी एकेक खर्च नेमून दिला होता. "केळी शाळेची, चाफा चुलीचा, पान सणाचं आणि नारळ दुखण्या-मरणाचे," असं ते एका दमात म्हणत. केळीचे घड विकून येईल ते फक्त शिक्षणाला. सोनचाफ्याची फुलं रोज पहाटे खुडून दादरला जात, त्यावर स्वयंपाकघर चाले. पानवेलीवर नाताळचे कपडे आणि पाहुणे. नारळाला औषधपाण्याशिवाय हात लावायचा नाही. आजोबांपासून असंच चालत आलं होतं म्हणे. "पैशाला नाव द्यावं, बाय," ते मला सांगत. "बिननावाचा पैसा म्हणजे गावचं गाढव. कोनीबी हाकावं."

हा कायदा घरच्यांना जाचायचाही. एका पावसाळ्यात चाफ्याचा बहर गळाला आणि गॅसचा सिलिंडर आणायला पैसे उरले नाहीत. त्यांची बायको कात्रीनमावशी केळीच्या पैशांतले थोडे मागायला गेली, तर म्हणाले, "ते शाळेचे." शाळेला तेव्हा गणपतीची सुट्टी होती! मावशीने मागच्या पडवीत तीन दगड मांडले आणि झावळ्या जाळून आठवडाभर पेज रांधली. मला हे सांगताना ती हसत होती, पण हसणं अर्धंच होतं. "दारात केळीचे घड लटकलेत आनि बाई डोळ्यांत धूर घालून घेते. कोनाला सांगू?" तिचं खरंच होतं. तत्त्वाच्या माणसाबरोबर राहणं हे दुरून बघायलाच बरं असतं.

केळीने त्यांच्या एकुलत्या मुलाला, विल्सनला, शिकवलं. आमच्याच शाळेत मराठीतून दहावी, मग कॉलेज, मग इंजिनिअर. लग्न झालं, मुलगी झाली. शेरिल तिचं नाव. तिला इंग्रजी शिशुवर्गात आमच्याकडेच घातलं, आणि फी भरायला आजा नातीला बरोबर घेऊन येऊ लागला. येण्याआधी तिला वाडीत नेऊन दाखवायचा, "हा घड तुझ्या शाळेचा." ती वर्गात सगळ्यांना सांगे, माझी शाळा झाडाला लागते. तिच्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो. काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे सुख होतं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

वर्ष संपता संपता विल्सन ऑफिसात आला. दाखला हवा होता. हायवेकडे नवी मोठी शाळा निघाली होती, एसी बस दारात येणारी.

"इथे काही कमी पडलं का?" मी विचारलं. विचारायची रीत असते म्हणून.

"कमी काही नाही, मॅडम." तो खिडकीच्या गजाशी चाळा करत होता. "मी शाळेत यायच्या आधी रोज घड उतरवायचो. चीक सांडायचा. केळीचा डाग जात नाही, तुम्हाला माहितीये. माझ्या प्रत्येक शर्टवर डाग. कॉलेजात पोरं विचारायची, कसले रे? मी सांगायचो, गंजाचे. मला वाटतं, हिला असं काही सांगायला लागू नये."

मी दाखला लिहून दिला. वाद कशाच्या जोरावर घालणार? माझी मुलगी माझ्या ऐपतीबाहेरच्या क्लासला जात होती, आणि कारण विचारलं असतं तर मीही थोडंफार असंच काहीतरी सांगितलं असतं.

नव्या शाळेची फी केळीच्या आवाक्यातली नव्हती. आजूबाजूच्या वाड्या विकल्या जात होत्या, माणसं बंगले बांधत होती, आणि एक बिल्डर काकांच्या दारातही येऊन बसू लागला होता. विल्सन म्हणाला, थोडी जमीन काढू. काकांनी आपल्या कायद्यात बघितलं. केळीचा भाग द्यायचा तर ती शाळेची. चाफा दिला तर चूल बंद. पान, नारळ, सगळ्यांच्या अंगावर काहीतरी जबाबदारी. उरलं फक्त बावखल.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरत राहतं. समुद्र इतका जवळ असून आमच्या बाजूच्या विहिरी गोड्या राहिल्या त्या या तळ्यांमुळे. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं निराळं आणि हिशेबात असणं निराळं. "त्याच्या नावावर कायच खर्च नव्हता, बाय," ते मला नंतर म्हणाले. "पोरं मासे धरायला यायची, म्हशी बसायच्या. मला वाटलं, एवढा एकच तुकडा बसून खातो." तो बसून खाणारा तुकडा त्यांनी नातीच्या शाळेसाठी दिला. सही करताना त्यांना दुःखही झालं नव्हतं. घरात शांतता झाली, बिल्डरने मातीचे डंपर आणून बावखल बुजवलं आणि त्याच्यावर बंगल्यांची ओळ उभी राहिली.

पैसा आला. विल्सनने जुनं घर पाडून दोन मजली घर बांधलं. मी वास्तूला गेले होते. फादरांनी खोलीखोलीत आशीर्वादाचं पाणी शिंपडलं, आणि खोल्या इतक्या होत्या की ते दमले. प्रत्येकाला आपली खोली, प्रत्येक खोलीला एसी, म्हणून दारं बंद. पूर्वी संध्याकाळची प्रार्थना झाली की सगळे पडवीत एकत्र जेवायचे. आता ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो खाली येई. कात्रीनमावशी म्हणाली, "पैलं घरात जागा नव्हती, म्हनून सगले दिसायचे." विल्सन वाईट मुलगा नव्हता. आईला चूल फुंकायला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याने करून दाखवलं होतं.

त्यापुढच्या जून महिन्यात काका केळीचे पैसे घेऊन नव्या शाळेत गेले. पूर्ण फी नाही, पण आपला वाटा म्हणून. रिक्षाने गेले, इस्त्रीचा सदरा घालून. गेटवर वॉचमनने नाव लिहून घेतलं, आत काचेच्या मागे बसलेल्या मुलीने हसून सांगितलं की इथे रोख घेत नाहीत, फी मोबाइलवरून येते आणि ती आलेली आहे. ते तिथून थेट माझ्या खिडकीशी आले. पाणी मागितलं. चव काही सांगितली नाही.

"बाय, तिथं पैसे चालत नाय."

"मग विल्सनकडे द्या ना, काका. तो भरेल."

"त्याच्याकडे दिले की बिननावाच्या ढिगात गेले." नोटांचं पुडकं त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवलं. "तुमच्याकडे कोनाची फी राहिलीय काय?"

राहिली होती. एका रिक्षावाल्याच्या मुलीची. त्यांनी ती भरली. नाव सांगू नका म्हणाले, आणि उपकार करतोय असा भाव चुकूनही आणला नाही. "केळी शाळेची हायत, दुसरीकडे लावता येत नाय," एवढंच. मग दर वर्षी ते येत आणि कोणाची ना कोणाची भरून जात. पण नातीचा घड दुसऱ्याच्या पोरीला जातोय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असे. मला ते बघवत नसे. मी पावती फाडून पटकन पुढच्या माणसाला हाक मारायची.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ते अवेळी आले. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. आज पाणी मागितलं नाही, उलट बाटलीच माझ्यापुढे ठेवली.

"आमच्या विहिरीचं हाय. जरा चव घ्या."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"माझी जीभ म्हातारी झालीय बाय. काय पन सांगते हल्ली. घरात विचारलं तर विल्सन म्हनतो फिल्टरचं प्या. तुमी सांगा."

मी ग्लासात ओतून एक घोट घेतला. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसा निकालाच्या दिवशी पालक बघतो. माझी किती इच्छा होती की ते पाणी गोड लागावं!

"खारट आहे, काका."

त्यांनी मान हलवली. बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"मग जीभ बरी हाय," म्हणाले.

बावखल गेलं तसा समुद्र जमिनीखालून आत सरकला होता. आधी केळीच्या पानांच्या कडा करपल्या, मग घड बारीक येऊ लागले, मग येईनासेच झाले. पाठोपाठ चाफा गेला, पानवेल गेली. विल्सनने टँकर मागवून बघितला, पण बाग काही टँकरवर जगत नाही. ज्या तुकड्याच्या नावावर कुठलाच खर्च नव्हता, तोच इतकी वर्षं सगळ्यांचा खर्च उचलत होता. हे काका मला कधी बोलले नाहीत. फक्त फी भरायला यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले की म्हणत, "अजून नारळ हाय." नारळ खाऱ्याला तेवढा भीत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ते आजारी पडले. नारळ दुखण्याला झाले, आणि पुढे मरणालाही. त्यांनी विल्सनला बजावून ठेवलं होतं, "मला नारळातूनच पोचवा, ढिगातून नको." विल्सनने ते पाळलं. मुंबईहून मागवलेली फुलं त्याने परत पाठवली. नारळ उतरवणाऱ्या पाडेकऱ्याला बोलावून तो स्वतः झाडाखाली उभा राहिला, पडलेले नारळ त्याने स्वतः गोळा केले. साधी पेटी, साधी मेणबत्ती. गावात कोणी म्हणालं, एवढा बंगला आणि असा अंत्यविधी! म्हणणाऱ्यांना काय, तोंड असतं.

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर मी घरी भेटायला गेले. खालच्या हॉलमध्ये दहाबारा माणसं बसली होती. मला पाणी दिलं, जारचं, गार. विल्सन कोणाला तरी सांगत होता, "सगळं नारळातून केलं, पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे." आवाजात दुःख होतं आणि थोडा अभिमानही. शेरिल त्याच्याजवळ बसली होती. आता चांगली उंच झालीय. बोलता बोलता अर्धं इंग्रजीत जाते.

"डॅडा," ती म्हणाली, "आजा नारळातून गेला. तू बनानातून शिकलास. मग माझी स्कूल कशातून आहे?"

विल्सनने तोंड उघडलं. मला वाटतं तो पगार म्हणणार होता, किंवा बँक, किंवा असंच काही. पण तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

कोपऱ्यात खुर्चीवर कात्रीनमावशी बसली होती.

"बावखलातून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्याला पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. "तुझी शाळा आपल्या बावखलातून हाय, बाय."

"कुठंय ते?" शेरिलने विचारलं आणि बघायला म्हणून उठून खिडकीशी गेली.