तेरवीचं पांढरं कापड

कुठेही दोरी दिसली की काका ती दोनदा ओढून बघायचे. कपडे वाळत घालायची असो, शाळेच्या झेंड्याची असो, की शेजारच्या म्हशीच्या गळ्यातली. दोन हिसके द्यायचे आणि म्हणायचे, "ढिल्लं सोडू नोका, हवा शिरते." म्हशीनेही हे पुष्कळदा ऐकलं असेल. चिखलीबाहेर प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या लेआउटमध्ये त्यांचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे साखरपुड्यापासून तेरवीपर्यंत मंडप, सतरंज्या, खुर्च्या भाड्याने देण्याचं दुकान.

तुम्ही पाहिलंच असेल, नव्या लेआउटमधली माणसं आधी गेट बसवतात, छपराचं नंतर बघतात. आमचंही तसंच. गेटवर संगमरवरी पाटी, आत डोक्यावर पत्र्याची टिनं, आणि स्लॅब पुढच्या दिवाळीला. त्या उन्हाळ्यात एका दुपारी शेतांकडून गरगरत वावधन आलं आणि चहाला उकळी यायच्या आत सगळ्यांची टिनं घेऊन गेलं. गेट मात्र एकही हललं नाही. टीव्हीवर त्याला चक्रीवादळ म्हटलं, तेव्हा आम्हाला जरा बरं वाटलं.

स्लॅब होता तो फक्त काकांच्या गोदामाला. त्यांनी मंडपाची कापडं हातगाडीवर लादली, घरोघर फिरले आणि उघड्या भिंतींवर स्वतः ताणून बांधून दिली. गुलाबी, निळी, सोनेरी झालरीची. लेआउटमध्ये घरटी लग्न असल्यासारखं दिसू लागलं. बँकेतल्या साहेबांनी तर भिंतींना शोभत नाही म्हणून गुलाबी परत करून निळं मागून घेतलं.

पांढरं मात्र कोणी घेईना, कारण ते तेरवीचं, मेलेल्याच्या तेराव्या दिवसाच्या जेवणाचं. कोपऱ्यावरच्या घरात आजारी आजोबा उघड्या आभाळाखाली खाटेवर पडले होते. काका पांढरं कापड घेऊन गेले तर सूनबाई दारात आडव्या. "नको काका, घरात दुखणाईत माणूस हाये."

आतून आजोबा ओरडले, "अवो, ऊन लागून राह्यलं मले! टाका ना पांढरं!"

सूनबाई हटल्या नाहीत. मी शाळेत मास्तर, हातगाडीला हात द्यायला सोबत होतो. काका मला म्हणाले, "कापडाले काय मालूम सर, खाली लगन हाये का तेरवी!" आणि गोदामातून नवंकोरं लाल कापड घेऊन आले. ते त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलं होतं. लग्न तोंडावर आलेलं.

मग पुढारी पाहणीला आले. काकांच्याच गोदामातल्या नवरदेवाच्या खुर्चीवर बसले, काकांच्याच माइकवरून आम्हाला धीर दिला आणि जाताना बजावलं, "पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका." इतकी शिस्त आम्ही कधीच पाळली नव्हती. रस्त्यावर पडलेली टिनं लोकांनी ओलांडून जायला सुरुवात केली. एकाने तर वाचलेलं टिनही उतरवून आडवं ठेवलं.

लग्न जवळ आलं तसे काका घरोघर गेले. "तेवढं लग्नापुरतं द्या, संध्याकाळी परत बांधून देतो." सगळे अगदी प्रेमाने बोलले. "तुमचंच आहे काका, पण पंचनामा होऊ द्या." आजोबांच्या सूनबाईंनी तर चहा पाजला, लाल कापड सोडून बाकी काहीही मागा म्हणाल्या. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याची लग्नं सावलीत लावली, त्याच्या पोरीला भर उन्हात उभं राहायची पाळी आली. मला फार वाईट वाटलं. तसं सगळ्यांनाच वाटत होतं, पण कापड कोणी सोडलं नाही.

शेवटी काकांनी अंगणात पांढरंच बांधलं.

देऊळगाव राजाहून वऱ्हाड आलं. नवरदेवाची आई गेटपाशीच थबकली. "हे काय? लगनाले पांढरं?" वाजंत्री थांबली. मुलगी खिडकीतून बघत होती. काकांच्या एका हातात मंडपाची दोरी होती.

"विहीणबाई," ते सावकाश म्हणाले, "पुण्यात आता पांढराच मंडप असतो. रंगीत जुनं झालं."

मग नवरदेवाचे मामा, जे एकदाच पुण्याला जाऊन आले होते, घाईघाईने म्हणाले, "हाव, हाव! मी पाह्यलं ना." आपण खेडवळ ठरू नये म्हणून मग विहीणबाईही हसल्या आणि आत आल्या. वाजंत्री सुरू झाली. काकांनी दोरी दोनदा ओढली.

पाठवणी झाल्यावर ते एकटेच कापडाच्या घड्या घालत होते. डोळे लाल. मी जवळ गेलो तर म्हणाले, "पांढऱ्याची तिरीप लय लागते, सर." मी हो म्हटलं. ऊन केव्हाच उतरलं होतं.

पंचनामा झाला, टिनं चढली. मंडपाची कापडं मात्र आमच्याकडेच राहिली. कोणाच्या कुलरवर, कोणाच्या कारवर. आणि पुढच्या हंगामात गंमत झाली. सगळा तालुका काकांकडे 'पुण्यासारखं पांढरं' मागू लागला. ते बिचारे पांढऱ्यावर पांढरं शिवून घेत राहिले.

यंदा ऐन लग्नसराईत ते गेले. तेरवीला मंडप बांधायचा तर गोदामात पांढऱ्याची चिंधीसुद्धा नव्हती. सगळं लग्नांना गेलेलं. मग न सांगता एकेक जण घरी गेला. साहेबांनी कारवरचं निळं काढून आणलं. सूनबाईंनी आजोबांच्या खाटेवरचं लाल आणलं. आजोबा काठी टेकत मागोमाग आले.

आम्हीच मंडप बांधला. लाल, निळा, सोनेरी झालरीचा. बांधताना सगळ्यांनी जोर लावला, तरी पंगत बसली आणि वारा सुटला तसं कापड फडफडायला लागलं. काकांची मुलगी वाढता वाढता थांबली. वरणाची बादली खाली ठेवून खांबाजवळ गेली, दोरी दोनदा ओढली, गाठ आवळली आणि परत वाढायला लागली.