मानाची खोली

एकाहत्तरच्या लढाईत माझा गुडघा गेला आणि फौजेने पेन्शन देऊन मला घरी पाठवलं. वय एकोणतीस. गावी, केदारखेड्यात, आमचं शेत नव्हतं, आणि लंगडणाऱ्याला मजुरीला कोण नेणार? फौजेत असताना मॅट्रिक झालो होतो. तेव्हा ठरवलं, कॉलेजात जायचं.

दोन कॉलेजं पाहिली. औरंगाबादच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "फी पुरी भरावी लागंल. हॉस्टेलात एका खोलीत चौघं. जमत असंल तर फॉर्म घ्या." जालन्याचे प्राचार्य मात्र खुर्चीवरून उठले. फी माफ केली, वर म्हणाले, "फौजी माणूस आमच्याकडे शिकणार, हा कॉलेजचा मान आहे. तुम्हाला स्वतंत्र खोली देऊ." मी मानाला भुललो आणि जालना घेतलं.

दहा वर्षं बराकीत झोपलेला माणूस मी. शेजारच्याच्या घोरण्याला शिव्या देत देतच झोप लागायची. इथे पहिल्याच आठवड्यात कळलं, की एकट्याला मला झोपच येत नाही. समोरच्या खोलीत पाच पोरं कोंबलेली. हसायची, भांडायची, आणि मी व्हरांड्यात आलो की चिडीचूप. खानावळीत माझ्या बाकावर कुणी बसत नसे. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळा वर्ग उभा राहिला, मला मास्तर समजून. मी हसलो. ते कुणी हसले नाहीत.

मग मनात किडा वळवळायला लागला. आम्ही बौद्ध. माझ्या लहानपणीच वडिलांनी दीक्षा घेतली होती, तरी गावच्या हॉटेलात आमचे कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळे असायचे. फौजेत एका ताटात जेवून मी ते विसरलो होतो. आता वाटू लागलं, ही खोली मानाची, की मला बाजूला ठेवायची? अंगाचा तिळपापड व्हायचा. रडूही यायचं, खोटं कशाला बोलू.

शेवटी एका रविवारी दुपारी समोरच्या दारात जाऊन उभा राहिलो. "माझ्याजवळ तुम्ही कुणी बसत न्हाई," मी म्हणालो. "जातीमुळं का?"

पाचही जण ताडकन उभे राहिले. त्यांच्यातला वाटूरचा लुकडा पोरगा शेजारच्याकडे बोट दाखवत म्हणाला, "बिलकुल न्हाई, काका! जातीचं काय, ह्यो बी बौद्धच हाय, आन् आम्ही दोघं एका खाटंवर झोपतो. पर आम्ही बिड्या ओढतो. तुम्ही प्राचार्यांना सांगताल म्हणून भेतो. आन् तुम्ही मोठे माणसं, तुमच्यासमोर काय बोलावं?"

मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. त्यांनी घाईघाईने खाट झटकली. "बसा काका," म्हणाले. मी बसलो. शाळा, शेती, फौज, सगळं विचारून झालं. ते उत्तरं देत होते, बरोबर, ओळीत उभ्याने. जातीचं असतं, तर मी प्राचार्यांशी भांडलो असतो, कॉलेज डोक्यावर घेतलं असतं. ह्या मानासाठी कुणाशी भांडणार?

पाच-दहा मिनिटांनी मीच उठलो. त्यांच्यातल्या कुणीही थांबा म्हटलं नाही. बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आणि आत पुन्हा गलका सुरू झाला.